उमाबोचं कपाट

ऑगस्टचा कोरडा वारा सुटला की इंबाली वस्तीतल्या बायका दारं-खिडक्या लावून घेतात, आणि तरीही जेवताना दाताखाली माती यायची ती येतेच. त्या वर्षी वाऱ्याच्या जोडीला नळही कोरडे पडले होते. मासिथोले पहाटे टँकरच्या रांगेत उभी राहायची, दोन बादल्या घरात आणून टाकायची, आणि मग शहरात जाऊन वकिलांच्या कचेरीच्या तीन मजल्यांच्या फरश्या पुसायची. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. गुडघ्यांना आता घट्टे पडले होते आणि खाली बसताना ती आधी देवाचं नाव घ्यायची, उठताना मात्र वकिलांचं.

महिनाअखेरच्या शनिवारी लेकीचा, खेतिवेचा, उमाबो होता, म्हणजे आहेराचा सोहळा. नवऱ्याकडून लोबोलाच्या, म्हणजे वधूमूल्याच्या, सगळ्या गाई पैशाच्या रूपात पोचल्या होत्या. आता नवरीने सासरी आहेर न्यायचा. माणसागणिक एक गवती चटई, एक ब्लँकेट, आणि नवऱ्याच्या खोलीसाठी पलंग आणि कपाट. एवढं पार पडलं की ती त्या घरची. मासिथोले स्वतः लग्न होऊन आली तेव्हा तिने चटया आणि एक घमेलं आणलं होतं. पुढे सासू जिवंत असेपर्यंत ती "घमेलंवाली" राहिली. पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर, एकदा तर चर्चच्या पायरीवर. लेकीला असं कुणी काही म्हणता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिने मनाशी धरली होती.

फर्निचर बघायला ती नणंदेला, थोकोला, बरोबर घेऊन गेली. थोको जाडजूड, तोंडाची फटकळ. दुकानात शिरल्या शिरल्या तिने चपला काढल्या आणि मांडून ठेवलेल्या पलंगावर सरळ आडवी झाली.

"हा घे," डोळे मिटून ती म्हणाली. "यावर नवरा-बायको भांडायचे नाहीत. भांडायला आधी उठावं लागेल."

"उठ गं. लोक बघतायत."

"बघू दे. पैसे देणारं गिऱ्हाईक आहे मी."

"पैसे मी देणार आहे."

"मग मी झोपणारं गिऱ्हाईक."

विकणारा पोरगा हसत हसत आला. त्याने मासिथोलेला पांढरं, चकचकीत, तीन दारांचं कपाट दाखवलं. मधल्या दाराला उभा आरसा. "मा, आज घेतलंत तर दोन उशा फुकट."

मासिथोलेने आरशाकडे बघितलंसुद्धा नाही. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली, कपाटाच्या पायाशी बोट फिरवलं, बोटाला थुंकी लावली आणि आतल्या कडेवर, जिथे रंग पोचलेला नव्हता तिथे, चोळली. बोटाला पिवळट पीठ लागलं.

"हा तर भुसा आहे."

"मा, हल्ली सगळे हेच घेतात."

"सगळे घेतात, आणि मी त्याच्या पायाशी ओलं फडकं मारते, बाळा. बावीस वर्षं. दोन वर्षांत याचा पाय सुजतो. माझ्यासारखाच. मग दार लागत नाही, मग बिजागरी निघते."

"मग फडकं मारू नका," पोरगा म्हणाला.

थोको एवढी हसली की पलंग हलला. मासिथोलेने पलंग आणि गादी मात्र तिथूनच घेतली. गादीला भुसा चालतो, असं ती म्हणाली. उशा तिने मागून घेतल्याच.

कपाटासाठी त्या दोघी आणखी चार दुकानं फिरल्या. एका ठिकाणी दाराची मूठ हातात आली. एका ठिकाणी किंमत ऐकून थोकोने छातीवर क्रूस काढला. शेवटी पाय सुजल्यावर त्या टॅक्सीतळामागच्या म्वेलासेच्या वखारीत शिरल्या. तिथे जुनं सामान असतं. पत्र्याखाली खुर्च्यांवर खुर्च्या, उभ्या करून ठेवलेल्या गाद्या, दार नसलेले फ्रीज. मासिथोले खरं तर सावलीला म्हणून आत गेली होती.

कोपऱ्यात ते उभं होतं. तपकिरी, उंच, तीन दारांचं. तिने सवयीने पोटावर बोटाने टकटक केलं आणि थांबली. आवाज भरीव आला. दार उघडून तिने आत डोकं घातलं. निलगिरीचं लाकूड, सगळीकडून सारखं, मागची फळीसुद्धा. पाय ओल खाऊन काळा पडला होता, पण सुजला नव्हता.

"हे दारातून कसं जाणार पण?" थोको म्हणाली. "आपल्या घरांची दारं म्हणजे. माझं ढुंगण कसंबसं जातं."

म्वेलासे नुसता हसला. तो कपाटाच्या मागे गेला, खाली हात घालून त्याने एक लाकडी खुंटी उपसली, मग दुसरी, मग तिसरी. कपाट तीन भागांत सुटं झालं, एकही खिळा न काढता. तिन्ही भाग त्याने एकट्याने बाजूला केले आणि परत जोडले.

"कुणी केलं हे?" मासिथोलेने विचारलं.

"ज्याच्या घराचं दार अरुंद होतं त्याने," म्वेलासे म्हणाला.

किंमत दुकानातल्या भुशापेक्षा कमी होती. मासिथोलेच्या पोटात आनंद मावेना. पण थोकोने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"जुनं नेणार? उमाबोला? डोकं फिरलंय तुझं? आईला घमेलं पुरलं होतं तीस वर्षं. हे तर कपाट आहे, यावर तीन पिढ्या जेवतील."

हे म्हणणारी त्याच सासूची लेक होती, म्हणजे तिला ठाऊक असणारच. म्वेलासेने सगळं ऐकलं होतं. तो दाराशी येऊन म्हणाला, "मा, पॉलिश पेपर मारून पांढरा रंग देतो. दुकानात असतो तसा चकचकीत. नव्या मुठी लावतो, प्लास्टिक गुंडाळून देतो. जन्मदाती आली तरी ओळखायची नाही."

मासिथोलेने परत आत जाऊन त्या लाकडावरून हात फिरवला. असल्या लाकडावर रंग फासायचा म्हणजे पापच. पण लेकीचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे होतं.

"मार रंग," ती म्हणाली.

आठवड्याने कपाट घरी आलं तेव्हा खेतिवे इस्पितळातल्या कामावरून नुकतीच आली होती. तिथे ती दारावर पहारेकरी होती. गणवेशातच ती कपाटापुढे उभी राहिली.

"मा, एवढं महाग कशाला? कुठल्या दुकानातलं?"

"शहरातल्या," मासिथोले म्हणाली. "तू नको तिथे लक्ष घालू नकोस."

थोको खिडकीतून बाहेर बघत राहिली.

शनिवारी वारा गरम होता आणि म्पोपोमेनीच्या चढावर टेम्पो दोनदा गचके खाऊन थांबला. नवऱ्याचं घर रस्त्याच्या टोकाला होतं. चार खोल्या, मागे एक पत्र्याची खोली, पुढे मोठं अंगण. पोरी गात खाली उतरल्या. खेतिवे तोंडावरच्या मण्यांच्या पडद्याआड, छत्रीखाली, खाली मान घालून. मासिथोले सर्वांत शेवटी उतरली, कारण गुडघे उतरू देईनात.

नवऱ्याची आई माखोझा खुर्चीवर बसली होती. काटकुळी बाई, जाड भिंगांचा चष्मा. तिचा नवरा सॉ मिलमध्ये कामाला होता, तो वारून सहा वर्षं झाली होती. तिच्या बहिणी मात्र आल्या आल्या कामाला लागल्या. प्रत्येक ब्लँकेटचा कोपरा चिमटीत धरून जाडी बघायची आणि एकमेकींकडे बघायचं. मासिथोले ते सगळं सोसत उभी राहिली. ब्लँकेटं जाड होती. तिने स्वतः निवडली होती.

कुंपणाबाहेर एक माणूस उभा होता. तपकिरी कोट, उजवा हात खिशात. सगळा गाव आत आणि हा एकटा बाहेर.

"तो कोण?" थोकोने माखोझाच्या बहिणीला विचारलं.

"त्याच्याकडे बघू नका. तो झेबुलोन, माखोझाचा धाकटा दीर. मागच्या खोलीत राहायचा. माखोझा डोळ्यांच्या ऑपरेशनला इस्पितळात होती, तर तिच्या घरातलं सामान गेलं. दुसरं कोण नेणार? प्यायचाच. आमच्या गल्लीने शिकवला त्याला चांगला धडा."

"मेला," थोको म्हणाली.

अंगणात चटया पसरल्या. त्यावर नवा पलंग मांडला, नवी गादी, फुकटच्या उशा. नवऱ्याला, लिंडानीला, हात धरून आणलं आणि ब्लँकेट पांघरून झोपवलं. आता नवरीकडच्या पोरी छड्या घेऊन त्याला चोप देणार, तो ओरडणार, उठून पळणार, आणि सगळे हसून लोळणार. दर उमाबोला हे होतं आणि दर उमाबोला लोक पहिल्यांदाच बघत असल्यासारखे हसतात. पोरी छड्या परजून उभ्या होत्या. "आधी कपाट आत जाऊ द्या," कुणीतरी ओरडलं, "मग त्याला लपायला जागा होईल!" लिंडानी ब्लँकेटखालून हसला.

मासिथोलेने टेम्पोवाल्याला घराच्या मागे नेऊन खुंट्यांचं सांगायचं ठरवलं होतं. दुकानातलं नवं कपाट तीन तुकड्यांत निघत नाही, म्हणून ते गुपचूप व्हायला हवं होतं. पण तिला पोचायला उशीर झाला. चार बाप्यांनी गाणं म्हणत कपाट उचललंसुद्धा, आणि ते दारात अडकलं. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. प्लास्टिक फाटून वाऱ्यावर फडफडायला लागलं.

"दार काढा!"

"चौकट काढा!"

"घर काढा आणि कपाटाभोवती बांधा!"

हशा पिकला. मासिथोले पुढे व्हायला लागली, तेवढ्यात माखोझा खुर्चीवरून उठली.

तिने बाप्यांना हाताने बाजूला केलं. कपाटाच्या मागे जाऊन ती उकिडवी बसली. खालच्या डाव्या कोपऱ्यात तिची बोटं चाचपत गेली, थांबली, आणि नखाने तिने पांढरा रंग खरवडला.

"हे तीन तुकड्यांत निघतं," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. तिने खुंटी उपसून हातात घेतली. कपाटाचा एक भाग सुटला आणि आतलं तपकिरी लाकूड उघडं पडलं. माखोझाने तिथे नाक लावलं आणि तशीच बसून राहिली. गाणं बंद झालं. मग ती उठली आणि मासिथोलेसमोर येऊन उभी राहिली.

"मासिथोले, हे कुठून आणलंत तुम्ही?"

आवाजात राग नव्हता. तेच जास्त भयंकर होतं.

"दुकानातून म्हण," थोको कानात कुजबुजली. "पावती हरवली म्हण. म्हण ना गं!"

मासिथोलेने पलंगाकडे बघितलं. लिंडानी कोपरावर उठून तिच्याकडेच बघत होता आणि त्याचे डोळे तिला सांगत होते, खोटं बोल. किती गुणी जावई, तिला वाटलं. माझी लाज राखायला बघतोय. आणि त्या विचारानेच तिला भरून आलं, आणि खोटं बोलवेना. समोरच्या बाईच्या नखात पांढरा रंग होता.

"म्वेलासेच्या वखारीतून," ती म्हणाली. "टॅक्सीतळामागच्या. जुनं आहे. रंग मी द्यायला लावला. माझ्या लेकीला यातलं काही ठाऊक नाही."

बायकांच्या तोंडून "हौऽऽ" असा आवाज आला. मासिथोलेला वाटलं, संपलं. आता लेकीला जन्मभर "जुन्या कपाटाची" म्हणणार. पण माखोझा तिचं ऐकतच नव्हती.

"हे माझ्या नवऱ्याच्या हातचं आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सॉ मिलमधून एकेक फळी खांद्यावरून आणली त्याने. हेच गेलं होतं माझ्या घरातून. हे! म्हणजे झेबुलोनने शहरात नेऊन विकलं तर. त्या वखारवाल्याला ठाऊक असेल. सोमवारी पोलीस घेऊन जाते मी."

"मा, कशाला आता," पलंगावरून लिंडानी म्हणाला.

"कशाला म्हणजे?"

"झालं ते झालं. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनीच तर आणलं ना शोधून! झेबुलोनलाही नेते. समोरासमोर उभा करते. तो माणूस सांगेल, हाच आला होता म्हणून."

"तो नाही ओळखणार त्याला, मा."

"का नाही ओळखणार?"

लिंडानी उठून बसला. ब्लँकेट खाली घसरलं. छड्या घेतलेल्या पोरी एक पाऊल मागे सरकल्या.

"मी विकलं," तो म्हणाला. "लोबोलाच्या शेवटच्या दोन गाई राहिल्या होत्या. खेतिवेच्या घरच्यांनी तारीख दिली होती. तू इस्पितळात होतीस. मला वाटलं, पगार झाला की सोडवून आणीन, तुला कळायच्या आत. आणायला गेलो, तर वखारवाला वाटेल ती किंमत सांगायला लागला. मग तू घरी आलीस."

मासिथोलेला पहिल्यांदा ते समजलंच नाही. शब्द कळले, अर्थ पोचला नाही. मग तो पोचला. त्या दोन गाईंचे पैसे तिच्या हातात आले होते. तिने ते उशीच्या खोळीत शिवून ठेवले होते. आणि तेच उसवून तिने म्वेलासेच्या हातावर ठेवले होते. तिने आपले हात अंगाभोवतीच्या शालीत लपवले. का लपवले ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आणि झेबुलोन?" माखोझाने विचारलं.

"मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, मा. देवाशपथ. मी फक्त म्हणालो, चोरी झाली."

"तू नव्हतं घेतलंस," माखोझा म्हणाली. तिने चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, परत घातला. "मी घेतलं. डोळ्याला पट्टी होती, तरी मी घेतलं."

तिच्या बहिणी खाली बघायला लागल्या. कपाट उचलणाऱ्या चार बाप्यांपैकी दोघे घराच्या कोपऱ्याआड गेले. धडा शिकवणाऱ्यांत तेही असावेत.

माखोझाने जवळच्या पोरीच्या हातातली छडी घेतली. ती फाटकाकडे चालत गेली. फाटक उघडलं, झेबुलोनच्या कोटाची बाही धरली आणि त्याला आत आणलं. तो आला. विरोध केला नाही, घाईही केली नाही. पलंगाजवळ तिने त्याला उभं केलं.

"मार," ती म्हणाली. "हसण्यावारी नाही. खरं मार."

लिंडानी मान खाली घालून बसून राहिला. पळाला नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

झेबुलोनने खिशातून उजवा हात काढला. सबंध गल्लीच्या भिंतींना गिलावा केलेला तो हात. बोटं आत वळलेली होती, दोन तर वाकडीच जुळून आली होती. माखोझाने त्यात छडी ठेवली. छडी घसरून खाली पडली. तिने उचलली, परत ठेवली, त्याची बोटं एकेक करून आपल्या हाताने तिच्यावर मिटवली आणि हात सोडला. छडी परत खाली पडली.

"राहू दे, वहिनी," झेबुलोन म्हणाला. "धरवत नाही."

माखोझाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मासिथोलेने पूर्वी फक्त मयताच्या घरात ऐकला होता. ती खालीच बसली, चटईवर नाही, मातीत. कुणी तिला उचलायला गेलं नाही. थोकोने झेबुलोनला "मेला" म्हटलं होतं, आणि आता ती तोंडावर हात दाबून उभी होती.

खेतिवेने मण्यांचा पडदा वर केला. नवरीने तो स्वतः वर करायचा नसतो. छत्री तिने मिटून पलंगाला टेकवली. लिंडानी तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला लागला, "तुझ्यासाठीच..." एवढंच ऐकू आलं. तिने हात वर करून त्याला थांबवलं, दारावर पहारा देताना गाड्या थांबवते तसं. मग ती झेबुलोनच्या त्या हाताकडे बघत राहिली. आणि मग आईकडे आली.

"मा, कपाट जुनं आहे हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मला दुकानातलं म्हणालीस."

"हो."

"का?"

"तुला कुणी काही म्हणू नये म्हणून," मासिथोले म्हणाली. बोलता बोलताच तिला कळलं की हे उत्तर किती फुसकं आहे. इथे तिच्या लेकीला कुणी काहीच म्हणत नव्हतं. तिच्याकडे बघायलाही कुणी धजत नव्हतं.

"मला घरी ने," खेतिवे म्हणाली.

"अगं, पण सामान?" थोकोला आता कुठे वाचा फुटली. "ब्लँकेटं? लोक काय... गाई परत द्याव्या लागतील! मासिथोले, समजाव तिला. तू आई आहेस."

मासिथोलेच्या आईने तिला सासरच्या अंगणात सांगितलं होतं, आता हेच तुझं घर, रडत परत येऊ नकोस. तेच आज लेकीला सांगायचं म्हणून महिनाभर फरश्या पुसताना तिने ते घोकलं होतं. तिने तोंड उघडलं. समोर लेक उभी होती आणि रडत नव्हती.

"चढ टेम्पोत," मासिथोले म्हणाली.